सीमोल्लंघनाची नोंद : सुभाष गुप्ते आणि आपले क्रीडावाङ्मय

मराठीत खेळाडूच्या कारकिर्दीचा हिशेब मांडण्याची एक ठरलेली रीत आहे. गल्ली, शाळा, क्लब, रणजी, भारताची टोपी आणि मग निवृत्ती. टोपी मिळेपर्यंतचा प्रवास तपशिलाने येतो. टोपी गेली की चरित्रही आटोपते. या रीतीमुळे एक मोठा मराठी माणूस आपल्या वाङ्मयाच्या हातून अर्धामुर्धा निसटला आहे, असे आमचे मत आहे. सुभाषचंद्र पंढरीनाथ गुप्ते हे त्यांचे नाव. त्यांच्या गोलंदाजीविषयी पुष्कळ लिहिले गेले. आम्हाला इथे विचार करायचा आहे तो त्यांच्या परदेशातील चाकरीचा आणि त्यानंतरच्या परदेशातील संसाराचा. मराठीच्या अध्यापकांनी क्रिकेटच्या भानगडीत का पडावे, याचे उत्तर पुढे ओघाने येईलच.

गुप्ते यांचा जन्म ११ डिसेंबर १९२९ रोजी मुंबईत झाला. ३६ कसोटी सामन्यांत त्यांनी १४९ बळी घेतले. १९५२-५३ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात वॉरेल, वीक्स आणि वॉलकॉट या त्रयीसमोर त्यांनी पाच कसोटींत २७ गडी बाद केले. डिसेंबर १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडीजच्या एका डावातील नऊ गडी त्यांनी १०२ धावांत टिपले. उरलेला एक, लान्स गिब्ज, पुण्याच्या वसंत रांजणे यांच्या वाट्याला गेला. शेन वॉर्नची कारकीर्द पाहिल्यानंतरही सर गारफील्ड सोबर्स लेगस्पिनमध्ये गुप्ते यांनाच श्रेष्ठ मानत राहिले. क्रिकेट वाचणाऱ्या मराठी माणसाला बहुधा इतके ठाऊक असते. रिशटन हे नाव मात्र त्याच्या कानावरून क्वचितच गेलेले असते.

रिशटन हे इंग्लंडच्या लँकेशायर परगण्यातील, ब्लॅकबर्नजवळचे कापडगिरण्यांचे गाव. पन्नासच्या दशकात गुप्ते या गावाच्या संघाचे पगारी खेळाडू होते. १८९२ साली सुरू झालेल्या लँकेशायर लीगमध्ये अशाच गिरणगावांचे चौदा संघ दीर्घकाळ खेळत आले. नियम असा की प्रत्येक संघात पगारी खेळाडू एकच असावा. बाकीचे दहा जण गावचेच. आठवडाभर कारखान्यात, दुकानात, कचेरीत राबायचे आणि शनिवारी दुपारी पांढरे कपडे चढवून मैदानावर उतरायचे. पगारी खेळाडूने गडी बाद करावेत, धावा काढाव्यात आणि संध्याकाळी गावातल्या पोरांना सरावात शिकवावे, अशी अपेक्षा असे. त्याने अर्धशतक ठोकले किंवा डावात भरपूर बळी घेतले, की प्रेक्षकांतून डबा फिरे आणि जमलेली चिल्लर त्याच्या हाती पडे. संघ हरला तर पहिला बोलही त्यालाच.

मावळच्या वाचकाला ही व्यवस्था परकी वाटू नये. आमच्याकडे चैत्र-वैशाखात गावोगावच्या जत्रा भरतात आणि जत्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा रंगतो. वर्गणी गावाची, मातीही गावची. शेवटच्या कुस्तीचा पैलवान मात्र कोल्हापूरचा किंवा सोलापूरचा. नारळावरच्या कुस्त्या गावच्या पोरांच्या आणि मोठ्या इनामाची कुस्ती बाहेरून बोलावलेल्या मल्लाची, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. डाव आवडला तर प्रेक्षक खिशातल्या नोटा काढून पैलवानाच्या हातावर ठेवतात. त्यात कुणाला काही हलके वाटत नाही. रिशटनच्या मैदानावर फिरणारा डबा आणि आपल्या आखाड्यातली ही दाद, दोन्हींचा अर्थ एकच : गावाने परक्या माणसाच्या कसबाला दिलेली रोख पावती.

या नात्याला आणखी एक पदर आहे. लँकेशायरच्या गिरण्या आणि मुंबईचे गिरणगाव यांचे वैर जुने. १९३१ च्या सप्टेंबरात गांधीजी लँकेशायरमधील डार्वेनला गेले आणि परदेशी कापडावरील बहिष्कारामुळे बेकार झालेल्या कामगारांना भेटले. डार्वेन आणि रिशटन ही ब्लॅकबर्नच्या परिसरातलीच गावे. त्या भेटीला पाव शतकही उलटले नव्हते, तोच मुंबईत वाढलेला एक गोलंदाज त्याच मुलखातल्या गिरणी कामगारांच्या संघाचा आधारस्तंभ झाला. मराठी साहित्याने गिरणगाव चांगले जाणले. नारायण सुर्वे यांच्या कवितेपासून जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकापर्यंत त्याची एक सलग परंपरा सांगता येते. त्या धाग्याचे दुसरे टोक मात्र आपण पाहिलेच नाही. गिरण्यांच्या त्या दुसऱ्या मुलखात, कामगारांच्या शनिवारी, पगारावर लेगस्पिन टाकणारा मराठी माणूस ही एका कादंबरीची सामग्री होती. ती कुणी हाती घेतली नाही.

असे का व्हावे? आमच्या मते याचे एक कारण आपल्या शब्दांत दडले आहे. आज आपण ‘व्यावसायिक खेळाडू’ म्हणतो. पूर्वीचा रूढ शब्द ‘धंदेवाईक’. ‘धंदेवाईक’ हा शब्द मराठीत कधीच निर्मळ नव्हता. धंदेवाईक लेखक, धंदेवाईक नाटक, धंदेवाईक पुढारी, असे कुठलेही नाम त्याच्यापुढे ठेवावे आणि ते डागाळावे. त्याच्या उलट ‘हौशी’ हा शब्द; हौसेला आपण निष्ठेचे मोल देतो. ही विभागणी इंग्लंडातही होती. हौशी आणि पगारी खेळाडूंतील अधिकृत भेद तिथे १९६२ साली मोडीत निघाला. आपल्याकडे तिला जातीचीही जोड होती. बाळू पालवणकर पुण्यात साहेबांच्या क्लबात मैदानाची राखण करीत आणि सरावात त्यांना गोलंदाजी टाकीत, ती पोटासाठी. त्यांच्याच जोरावर सामने जिंकणारे उच्चवर्णीय हौसेने खेळत आणि बाळूंना चहा वेगळ्या पेल्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी शंभरहून अधिक बळी घेतले. पोटासाठी खेळणे कमी प्रतीचे ठरवण्याची सोय कुणाला परवडत होती, हे यावरून उमजावे.

परदेशातील चाकरी आणि राष्ट्रीय संघ यांत पगारी खेळाडूची ओढाताण कशी होई, याचा दाखला विनू मंकड यांनी घालून दिला. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यासाठी संघात जागा नक्की असल्याची हमी क्रिकेट मंडळाने दिली नाही, म्हणून त्यांनी लँकेशायर लीगमधील हॅस्लिंग्डन संघाशी करार केला. पहिल्या कसोटीत भारताची दाणादाण उडाल्यावर मंडळाला त्यांची आठवण झाली. हॅस्लिंग्डनने त्यांना मोकळे केले आणि लॉर्ड्‌सवर त्यांनी ७२ व १८४ धावा काढून एका डावात पाच बळीही घेतले. आपण ‘मंकडची कसोटी’ म्हणून हा सामना डोक्यावर घेतो. ज्या छोट्या गावाने आपला एकुलता पगारी खेळाडू मोसमाच्या मध्यावर सोडला, त्याचा उल्लेख करायला मात्र विसरतो.

लँकेशायरच्या याच मैदानांतून दुसऱ्या एका समाजाने काय मिळवले, ते पाहण्याजोगे आहे. त्रिनिदादचे लिअरी कॉन्स्टंटाइन १९२९ ते १९३७ अशी नऊ वर्षे नेल्सन संघाचे पगारी खेळाडू होते. त्या नऊ मोसमांत नेल्सनने सात वेळा लीग जिंकली. १९३२ साली त्यांचे मित्र सी. एल. आर. जेम्स इंग्लंडात आले आणि कॉन्स्टंटाइन यांच्याच घरी उतरले. त्या मुक्कामातून कॉन्स्टंटाइन यांचे पुस्तक सिद्ध झाले आणि पुढे १९६३ साली जेम्स यांचा ‘बियाँड अ बाउंड्री’ हा ग्रंथ आला. वसाहतवाद, वर्ण, वर्ग आणि खेळ यांचा एकत्र विचार करताना जगभरचे अभ्यासक आजही या ग्रंथापाशी थांबतात. गिरणगावातल्या एका घरात एक पगारी खेळाडू आणि एक लेखक समोरासमोर बसले, म्हणून हे घडू शकले. रिशटनच्या गुप्ते यांना असा जेम्स मिळाला नाही. ही उणीव गुप्ते यांची नाही, मराठी लेखकांची आहे.

त्यानंतरची कहाणी वाचकांना ऐकून माहीत असते. डिसेंबर १९६१ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या दिल्ली कसोटीच्या वेळी त्यांच्या खोलीतील सहकारी कृपालसिंग यांनी हॉटेलच्या स्वागतिकेला भेटीचे निमंत्रण देणारा फोन केला. तिने तक्रार केली. ती खोली आपलीही होती, एवढाच गुप्ते यांचा दोष. पण वेस्ट इंडीजच्या दौऱ्यातून दोघेही वगळले गेले आणि गुप्ते पुन्हा कधी भारताकडून खेळले नाहीत. तेव्हा त्यांचे वय ३२ होते. पहिल्या दौऱ्यात ओळख झालेल्या तरुणीशी विवाह करून ते पुढे त्रिनिदादला स्थायिक झाले, त्रिनिदादच्या संघाकडूनही खेळले आणि ३१ मे २००२ रोजी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये त्यांचे निधन झाले.

आमचा मुख्य आक्षेप इथे आहे. जिथे गुप्ते यांच्याविषयी कळवळ्याने लिहिले गेले, तिथेही त्यांना ‘अन्यायाचा बळी’ या चौकटीत बसवले गेले. अन्याय झाला हे खरेच. पण दिल्लीची ती कसोटी आणि पोर्ट ऑफ स्पेनचा मृत्यू यांत चाळीस वर्षे आहेत. ती चाळीस वर्षे केवळ उपसंहार कशी असतील? टोपी गेली म्हणजे आयुष्य संपले, देश सुटला म्हणजे शोकांतिका झाली, हे गृहीतक आपण तपासून पाहत नाही. सर्बियाचे फुटबॉलपटू देयान पेत्कोविच यांच्याकडे पाहावे. स्वदेशाच्या राष्ट्रीय संघाकडून त्यांना मोजकेच सामने मिळाले. विश्वचषक एकही नाही. १९९७ साली ते ब्राझीलला गेले. २००१ साली रिओच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटांत त्यांनी मारलेल्या फ्री-किकमुळे फ्लामेंगोने वास्कोकडून विजेतेपद हिसकावले आणि २००९ साली, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, ते त्याच संघातून ब्राझीलचे विजेते झाले. सर्बियाच्या वहीत ही कारकीर्द अपुरी दिसेल; रिओत ती भरगच्च आहे. माप बदलले की माणूस बदलून दिसतो. गुप्ते यांना आपण एकाच मापाने मोजत आलो आहोत.

यावर आक्षेप येईल की साहित्याने प्रत्येक खेळाडूच्या मागे धावावे काय? बाळ ज. पंडित, वि. वि. करमरकर, शिरीष कणेकर, द्वारकानाथ संझगिरी यांनी मराठीत क्रिकेटवर भरपूर लिहिले. ते पुरे नाही काय? या मंडळींचे ऋण आम्ही मानतो. मराठी वाचकाला मैदान दिसू लागले ते त्यांच्यामुळे. परंतु त्यांच्या लेखनाचा केंद्रबिंदू सामना आणि खेळाडूचे व्यक्तिमत्त्व हा होता. आम्ही मागतो आहोत ते निराळे : श्रमाचा, स्थलांतराचा आणि प्रतिष्ठेचा विचार करणारे लेखन. ते वृत्तपत्राच्या स्तंभात मावणारे नाही. आपल्या विद्यापीठांत स्थलांतराचे साहित्य शिकवले जाते तेव्हा अमेरिकेतले अभियंते येतात, आखातात गेलेले कामगारही येतात. परगावच्या मैदानावर पोट भरणारा खेळाडू येत नाही.

आणि हा प्रश्न जुन्या काळाचा उरलेला नाही. २०१२ पासून आमच्या मावळ तालुक्यातच, द्रुतगती मार्गालगत गहुंजे येथे आंतरराष्ट्रीय मैदान उभे आहे. २०१७ साली साडेचौदा कोटी रुपये मोजून आणलेल्या बेन स्टोक्सने तिथे पुण्याच्या संघासाठी शतक ठोकले. जत्रेतल्या पैलवानाचे हे आजचे रूप. तिकडे २०१० साली पुण्याच्या वेंकीज उद्योगसमूहाने ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जो २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, त्या क्लबात काही काळ सरावासाठी जाऊन आला. रिशटन तिथून हाकेच्या अंतरावर. ज्या मुलखात एके काळी मुंबईचा गोलंदाज पगार घ्यायला जात असे, तिथे आज पुण्याचा पैसा पगार वाटतो. इतके मोठे उलटापालट वर्तन सत्तर वर्षांत घडले आणि मराठी कथेला त्याचा पत्ता नाही.

आमच्या वर्गांत लोणावळा, कामशेत, वडगाव, पवन मावळ इथली मुले बसतात. त्यांतली काही कबड्डी-कुस्तीवर नोकरी मिळवू पाहतात, काही परदेशाची स्वप्ने पाहतात. ज्या मावळ्यांचे नाव हा प्रदेश मिरवतो, तेही पावसाळ्यात नाचणी-भात पिकवून दसऱ्याला सीमोल्लंघन करीत आणि मुलूखगिरीवर जात. गुप्ते यांचे वर्षही असेच विभागलेले असे : हिवाळा भारतात, उन्हाळा लँकेशायरात. पोटासाठी वेस ओलांडणे हे आपल्याकडे कधीच लाजिरवाणे नव्हते. ते लिहिण्याजोगे आहे, हे मात्र आपण खेळाडूच्या बाबतीत मानले नाही.

म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे आम्ही एक साधे काम ठेवतो. गुप्ते यांच्या आयुष्याची तीन प्रकरणे करावीत : मुंबई, रिशटन, त्रिनिदाद. पहिल्यासाठी मराठीत साधने विपुल आहेत. दुसऱ्यासाठी लँकेशायरची स्थानिक वृत्तपत्रे आणि क्लबांची दप्तरे आहेत. तिसऱ्यासाठी त्रिनिदादच्या माणसांच्या आठवणी आहेत आणि त्या दरवर्षी थोड्या थोड्या कमी होत आहेत. यातले पहिलेच प्रकरण मराठीत लिहिले गेले आहे. उरलेली दोन कोण लिहिणार, हा प्रश्न क्रीडापत्रकारांवर सोपवून मराठी विभागांना मोकळे होता येणार नाही.