गोंदियातले मधले घर किती कमावते?

गोंदिया जिल्ह्याच्या प्रगतीचा विषय निघाला की दरडोई उत्पन्नाचा आकडा पुढे केला जातो. अर्थ व सांख्यिकी संचालनालय जिल्ह्याचे उत्पन्न काढते, मग मधल्या घराच्या उत्पन्नाचा वेगळा आकडा हवा कशाला, असा हा पूर्वपक्ष. त्याचा पायाच कच्चा आहे.

जिल्हा उत्पन्न म्हणजे जिल्ह्याच्या हद्दीत निर्माण झालेले मूल्य. ते कोणाच्या हाती पडले, हे त्यात पाहिले जात नाही. तिरोड्याचा औष्णिक वीज प्रकल्प प्रत्येकी 660 मेगावॉटच्या पाच संचांचा, म्हणजे 3300 मेगावॉटचा. तिथे निर्माण झालेले मूल्य गोंदियाच्या खात्यावर चढते. नफा भागधारक जिथे असतील तिथे जातो. उलट सालेकसा-देवरीकडचा मजूर नागपूर-हैदराबादला राबून घरी पैसे पाठवतो, ते या हिशेबात येतच नाहीत. मग एकूण रकमेला लोकसंख्येने भागायचे आणि आलेला आकडा अर्जुनी मोरगावच्या धान उत्पादकाचाही समजायचा, हा त्याच्यावर अन्याय आहे.

पाच घरे घ्या. वर्षाला 60 हजार, 80 हजार, 1 लाख, 1 लाख 30 हजार, आणि पाचवे राइस मिलवाल्याचे, 15 लाख. सरासरी निघते 3 लाख 74 हजार. एवढे उत्पन्न पाचपैकी एकाही घराचे नाही. मध्यक मात्र 1 लाख: दोन घरे त्याच्या खाली, दोन वर. धोरण आखायचे ते या मधल्या घराकडे पाहून.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. लोक उत्पन्न खरे सांगत नाहीत. राष्ट्रीय नमुना पाहणीने 1950 आणि 1960च्या दशकांत प्रयत्न केले, 1983-84 मध्ये पुन्हा चाचपणी केली. सांगितलेले उत्पन्न खर्च आणि बचतीच्या बेरजेहून कमी भरले आणि काम सोडून द्यावे लागले. पण हा आक्षेप सरासरीला जितका लागतो तितका मध्यकाला लागत नाही. मिलवाल्याने 15 लाखांचे 5 लाख सांगितले तर सरासरी 1 लाख 74 हजारांवर कोसळते. मध्यक 1 लाखावरून हलत नाही. वरची लपवाछपवी मधल्या घरापर्यंत पोहोचत नाही.

खालची पोहोचते, हे मान्यच केले पाहिजे. पिवळ्या शिधापत्रिकेची मर्यादा 15 हजार, केशरीची 1 लाख, लाडकी बहीण योजनेची अडीच लाख. ज्या आकड्यावर घरातले रेशन किंवा महिन्याचे दीड हजार अवलंबून, तो आकडा मर्यादेखाली दाखवण्याचे कारण गरजू माणसाला रोजच असते. म्हणून तहसीलच्या उत्पन्न दाखल्यांवरून मध्यक काढणे चूकच ठरेल.

मार्ग वेगळा आहे. 'उत्पन्न किती?' असे विचारायचेच नाही. धान किती पोती झाले, हमीभाव केंद्रावर किती क्विंटल गेले, घरी खायला किती ठेवले, खताला आणि रोवणीला काय लागले, तेंदूपत्त्याचे किती मिळाले, मोहफुले किती विकली, रोहयोचे किती दिवस भरले, बाहेरगावाहून किती पैसे आले, हे विचारायचे. आणि एकदाच नव्हे. धान विकल्यानंतर विचारले तर घर सधन वाटते, रोवणीच्या तोंडावर विचारले तर कर्जबाजारी. वर्षभराचे हंगाम धरूनच बेरीज करावी लागते.

नमुना लहान असेल तर? अमेरिकेतल्या सामुदायिक पाहणीत 65 हजारांहून कमी वस्तीच्या भागांसाठी पाच वर्षांची माहिती एकत्र करून मध्यक काढतात आणि शेजारी संभाव्य त्रुटीची मर्यादा छापतात. आपल्या तालुक्यांना हीच रीत लावता येईल.

काळानुसार तुलना करताना मात्र डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. महाराष्ट्रात रोहयोची मजुरी 2012-13 मध्ये 145 रुपये होती, 2024-25 मध्ये 297 झाली. दुप्पट! पण 2012 साल 100 धरलेला ग्राहक किंमत निर्देशांकही 2024 अखेर 190च्या वर गेला होता. खरी वाढ नाममात्र. शिवाय आठ माणसांचे, 2 लाखांचे घर फुटून दोन चुली झाल्या तर प्रत्येकी 1 लाखाची दोन घरे मोजली जातात. गरीब कोणी झाले नाही, तरी आकडा घसरतो. म्हणून मध्यकासोबत कुटुंबाचा आकारही द्यायला हवा. आणि 1 मे 1999 पूर्वीचे गोंदिया भंडारा जिल्ह्यात होते, तेव्हा त्याआधीची तुलना तालुके जुळवूनच करावी लागेल.

जानेवारी 2025 पासून राष्ट्रीय नमुना पाहणीने जिल्हा हा नमुना निवडीचा मूळ स्तर केला आहे, आणि देशव्यापी कौटुंबिक उत्पन्न पाहणी 2026 मध्ये घेण्याचे केंद्राने जाहीर केले. जिल्हा नियोजन समितीने या उत्पन्न पाहणीत गोंदियापुरती नमुन्यातल्या घरांची संख्या वाढवून मागावी, आठही तालुक्यांचा मध्यक वेगळा छापावा आणि सालेकशाचा आकडा गोंदिया शहराच्या आकड्यात मिसळू देऊ नये.