आजीचं नाव काय होतं?

गेल्या वर्षीच्या पितृपक्षातली गोष्ट. सासऱ्यांची तिथी होती. मी आत वडे तळत होते आणि बाहेर गुरुजी एकेक नाव विचारत होते. वडील, आजोबा, पणजोबा... ह्यांनी धडाधड सांगितली. मग आई, आजी. तीही सांगितली. पणजीपाशी गाडी अडखळली. गुरुजी म्हणाले, ''बरं, आईकडचे?'' आईचे वडील सांगून झाले. ''आणि त्यांच्या पत्नी?'' आता ह्यांनी माझ्याकडे पाहिलं! जणू काही त्यांच्या आजोळची माहिती मी पदराला बांधून आणली आहे. त्यांना सगळं गाव 'माई' म्हणायचं. माईंच्या हातच्या पुरणपोळ्या, माईंचं रागावणं, माईंनी गुपचूप दिलेले चार आणे, सगळं ह्यांना आठवतं. नाव मात्र नाही.

गुरुजी सवयीने पुढे गेले. मी मनात हसले आणि पुढच्याच क्षणी गप्प झाले. कारण माझ्या आईच्या आईचं नाव तरी मला कुठे ठाऊक होतं?

म्हणजे एक नाव ठाऊक होतं, लक्ष्मी. पण ते सासरचं. आमच्या भागात त्या काळी निम्म्या सुना लक्ष्मीच असत. लग्नात तांदळावर लिहिलेलं नाव ते. माझी आई अडीच वर्षांची असताना आजी बाळंतपणात गेली. आजोबांनी दुसरं लग्न केलं. वर्ष-दोन वर्षं आजोळची माणसं येत-जात होती, मग तेही थांबलं. सावत्र आजीने आईला काही कमी केलं नाही, पण पहिलीचा विषय घरात निघायचा नाही. आज आई पंचाहत्तरीला टेकली आहे. तिला आपल्या आईचा चेहरा आठवत नाही, फोटो नाही. आजोळचं गाव आणि आडनाव, एवढीच तिची पुंजी.

मी आमच्या तालुक्याच्या गावी महिला मंडळाच्या मदत केंद्रात आठवड्यातून दोन दिवस बसते. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या निमित्ताने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदी शोधण्यासाठी गावोगावची जुनी दप्तरं बाहेर निघाली. वर्षानुवर्षं रुमालात बांधलेले, कसर लागलेले कागद स्कॅन झाले, जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर तालुका आणि गाव लावून टाकले गेले. तेव्हापासून आमच्या केंद्रात बायका येऊ लागल्या. ''ताई, ह्यांच्या पणजोबांची नोंद सापडते का बघा ना.'' ''मुलाच्या ॲडमिशनला लागतंय.'' कुणाकडे वहीच्या पानावर काढलेली वंशावळ. मूळ पुरुष, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे. खाली-खाली पसरत गेलेलं झाड आणि त्यात औषधालासुद्धा एक बाई नाही! मी एकदा एकीला गमतीने विचारलं, ''अगं, ही सगळी मुलं झाडाला लागली का?'' ती हसली. पण तिने आणलेल्या कागदात ती स्वतःही नव्हती.

आरक्षणाच्या वादात मला शिरायचं नाही. मला एवढंच दिसलं की, इतक्या बायका इतके कागद चाळत होत्या, पण स्वतःच्या आईच्या बाजूचा कागद शोधायला एकही आली नाही. मी तरी कुठे शोधला होता!

श्राद्धाच्या त्या दिवसानंतर मी ठरवलं, आता आपल्यासाठी बसायचं.

आधी जन्माची नोंद. पूर्वी गावात जन्म-मृत्यू झाला की कोतवाल वर्दी द्यायचा आणि ती गाव नमुना चौदामध्ये चढायची. त्यालाच लोक कोतवाल बुक म्हणतात. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा यायच्या कितीतरी आधीपासून ही पुस्तकं आहेत. नेटवर आजोळच्या गावाची काही पानं मिळाली, पण ती फक्त कुणबी नोंदी असलेली निवडक पानं. बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. केला. तिथल्या एका भाऊसाहेबांनी विचारलं, ''आजीच्या नोंदीचं काय काम तुमचं?'' मी म्हटलं, ''काम काही नाही. आजी आहे ती माझी.'' ते माझ्याकडे बघतच राहिले. पण पुस्तकं काढून दिली, हेही सांगायला हवं.

अक्षर मोडी. आपल्याला काय कळणार डोंबलं? ओळखीचे एक निवृत्त मास्तर मोडी वाचतात, त्यांना विनंती केली. आजी गेली तेव्हा विशीत होती असं आई म्हणते, म्हणून अंदाजाने १९२८ ते १९३५ ची पानं धरली. मास्तर वाचत गेले, मी लिहून घेत गेले. आणि आजोळच्या आडनावाच्या एका बापाच्या नावापुढे सापडलं, 'मुलगी'. दोन वर्षांनी पुन्हा त्याच बापाच्या नावापुढे, 'मुलगी'. मग पुन्हा एकदा. बापाचं नाव आहे, जात आहे, तारीख आहे, पण मुलीच्या नावाची जागा कोरी. वर्दी जायची बारशाच्या आधी, मग नाव कुठून येणार, असं मास्तरांनी समजावलं. पटलं. मुलग्यांच्याही किती तरी नोंदी तशाच आहेत. पण मुलग्याचं नाव पुढे शाळेच्या दाखल्यात येतं, सातबाऱ्यावर येतं, वंशावळीत येतं. शाळेत न गेलेल्या, लग्नात नाव बदललेल्या मुलीचं नाव यायचं कुठे? आणि आईचं तर त्या पानावर नावच नाही. बाळंत झाली कोण, हे त्या नोंदीवरून कुणालाही कळणार नाही!

त्या रात्री माझ्या मनात एक भलतीच भीती आली. त्या तीन मुलींतली शेवटची माझी आजी असेल आणि तिचं नाव 'नकुशी' असेल तर? हसू नका. २०११ साली साताऱ्यात या नावाच्या २८५ मुलींची नावं समारंभ करून बदलली, ती काही फार जुनी गोष्ट नाही. आईला जाऊन हे नाव सांगायचं का?

घरातही शोधून झालं. भांड्यांवरची नावं हा खरं तर बायकांचा दप्तरखाना! कोणी कुणाला कधी दिलं, सगळं तिथे कोरलेलं असतं. आईकडे तिच्या आईची म्हणून एक तांब्याची घागर आहे. माळ्यावरून काढली, चिंचेने घासली. वर कोरलेलं होतं आजोबांचं नाव!

मग आमच्या केंद्रातल्याच एका मुलीने, कॉम्प्युटरवर बसते ती, वाट दाखवली. म्हणाली, ''काकू, जन्माचा नाद सोडा. जमिनीचं बघा.'' मला आधी कळेचना. तिने महाभूमीच्या संकेतस्थळावर आजोळच्या गावाचे आजचे सातबारे आडनावावरून काढले. सातबाऱ्याच्या तळाशी 'जुने फेरफार क्रमांक' म्हणून कंसात आकडे असतात. आपण कधी त्यांच्याकडे बघतही नाही. ते आकडे तिने उतरवून घेतले. मग 'आपले अभिलेख'मध्ये जिल्हा, तालुका, गाव निवडून, थोडे पैसे भरून ते जुने फेरफार एकेक करून उघडले. सगळ्याच जिल्ह्यांचे जुने कागद तिथे मिळतात असं नाही, आमचं नशीब म्हणायचं.

फेरफार म्हणजे जमिनीत झालेल्या प्रत्येक बदलाची नोंद. खातेदार वारला की वारसांची नावं तिथे लागतात. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावंही लावावी लागू लागली. आता ती लावायची कशी, तर अनेकदा भाऊ खातेदार म्हणून मुख्य रकान्यात आणि बहिणी बाजूला 'इतर हक्क'मध्ये! आणि थोड्या वर्षांनी हक्कसोड झालं की तिथूनही कमी. पण गंमत बघा, ज्या कागदाने बहिणीला बाजूला बसवलं, त्याच कागदाने तिचं माहेरचं नाव जपून ठेवलं. कारण माहेरच्या दप्तरात ती लक्ष्मी नसते. ती जी होती तीच असते.

१९६१ चा फेरफार होता. खातेदार मयत. वारस म्हणून दोन मुलगे, विधवा बायको, एक लग्न झालेली मुलगी आणि त्याखाली, 'मयत मुलगी हौसा हिची मुलगी', पुढे माझ्या आईचं नाव, 'अ.पा.क. बाप', आणि आजोबांचं नाव. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालन कर्ता, म्हणजे मूल लहान आहे आणि बाप त्याच्या वतीने बघतो. आधी मेलेल्या मुलीच्या मुलांनाही त्या कायद्याने वारस मानलं आहे, म्हणून दहा वर्षांच्या माझ्या आईचं नाव त्या परक्या होऊन गेलेल्या गावाच्या दप्तरात लागलं होतं. आणि आईला आयुष्यभर त्याचा पत्ता नव्हता.

हौसा. मी स्क्रीनकडे बघत बसले. कॉम्प्युटरवरची मुलगी म्हणाली, ''काकू, पाणी देऊ का?''

मैत्रिणींनो, म्हणूनच जुने कागद स्कॅन होताहेत याचा मला आनंद आहे आणि त्याचबरोबर एक तक्रारही आहे. कागद पेटीतून निघून पडद्यावर आला म्हणजे तो सापडतोच असं नाही. पानाचा नुसता फोटो आहे, त्यात नाव टाकून शोधता येत नाही. उद्या कोणीतरी बसून याद्या करील, नावं टाइप करील. तेव्हा फक्त बापाचं आणि खातेदाराचं नाव टाइप झालं, तर पानात असलेली हौसा पुन्हा एकदा हरवेल. पहिल्यांदा मोडीत हरवली, आता युनिकोडमध्ये. विधवा, मयत मुलगी, सासरी गेलेली बहीण, ज्या ज्या बाईचं नाव पानावर आहे ते यादीत यायलाच हवं. रकाना एक जास्त लागेल, लागू दे!

१ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत आता आईचं नाव वडिलांच्या नावाआधी येतं. फार चांगलं झालं. पण लग्नात नाव बदललेल्या आईचं सासरचंच नाव तिथे लागलं, तर तिच्या माहेरच्या माणसांपर्यंत जायचा रस्ता त्या कागदातून निघत नाही. म्हणून मी केंद्रात येणाऱ्या प्रत्येकीला एक वही करायला लावते. आपलं जन्माचं नाव, आईचं माहेरचं नाव-गाव, तिच्या आईचं, सासूचं आणि सासूच्या आईचंही. ज्यांच्या सासूबाई अजून आहेत त्यांनी तर आजच बसा. रुसवेफुगवे असतील तर ते उद्या काढा! आणि पोरांच्या जन्मदाखल्यात नाव घालायचं राहिलं असेल तर ते नोंदणीपासून पंधरा वर्षांच्या आत घालता येतं. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन एकदा बघून या. कोऱ्या जागेचा त्रास काय असतो, ते मी तीन वेळा 'मुलगी' वाचताना भोगलंय.

एक सांगायला हवं, हा शोध घरात सगळ्यांना आवडेलच असं नाही. आमच्याकडे एक बाई स्वतःच्या दाखल्यासाठी वडिलांकडचे कागद मागायला माहेरी गेली, तर भावाने दारातच विचारलं, ''कागद कशाला हवेत तुला?'' तिला नोंद हवी होती, त्याला वाटलं जमीन हवी आहे. बहिणीने कागद मागितला की भावाच्या पोटात गोळा येतो, हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे.

नक्कल घेऊन आईकडे गेले. तिने चष्मा लावला, पण वाचलं नाही. म्हणाली, ''तूच वाच.'' मी वाचलं. ''पुन्हा वाच.'' पुन्हा वाचलं. मग म्हणाली, ''हौसा... म्हणजे हौसेनं ठेवलं असेल की गं.'' तिसरी मुलगी असली तरी, हे ती बोलली नाही, मीही बोलले नाही.

पुढच्या आठवड्यात मी आईच्या मामेभावाचा फोन नंबर मिळवला. आजोळच्या त्याच घरात राहतात ते. आई म्हणाली, ''फोन केलास तर आधी सांग, मला जमीन नको. मग विचार, आईचा एखादा फोटो आहे का.''

इथे मी अडकले आहे. गेली पंधरा वर्षं मी बायकांना सांगत आले, हक्कसोडावर डोळे मिटून सही करू नका, भाऊ काय म्हणेल या भीतीने आपलं नाव आपणच खोडू नका. आणि आता पहिलंच वाक्य 'आम्हाला काही नको' असं मी बोलू? नाही बोलले तर दार उघडेल का? आणि बोलले तर हौसाच्या मुलीचं नाव त्या कागदावर लागलं तरी कशाला? रोज नंबर काढते, बघते, ठेवून देते. आई दर रविवारी विचारते, ''केलास का गं फोन?''