दिवाळीचे मूळ

श्रीनिवास खळे यांनी चाली दिलेली, लताबाईंनी गायिलेली ‘अभंग तुकयाचे’ ही तबकडी ज्याच्या कानावरून गेली नाही असे मराठी घर विरळाच. खळे २०११ साली गेले, लताबाई २०२२ साली. तबकड्याही माळ्यावर गेल्या. हे अभंग मात्र अजून सकाळी कुठून ना कुठून कानी येतात.

त्यांतला भेटीच्या ओढीचा अभंग घ्या. पंढरीची वाट पाहताना तुकोबांना आठवते दिवाळीच्या मुळाकडे डोळे लावून बसलेली सासुरवाशीण. ‘मूळ’ म्हणजे लेकीला न्यायला माहेराहून येणारे माणूस, हे हल्ली वर्गात सांगावे लागते. तुकोबांचे देहू आमच्या पिंपरी-चिंचवडला अगदी लागून, तरीही! पण चाकणच्या कारखान्यात रात्रपाळी करून कॉलेजात येणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरांना एवढे सांगितले की पुरते. दिवाळीची रजा मिळेल का, एस्टीत जागा मिळेल का, याच विवंचनेत ती असतात.

खळ्यांची चाल ऐकताना सोपी वाटते. गुणगुणू जावे तर पहिल्याच वळणावर फजिती. आणि लताबाई या गाण्यात रडत नाहीत की देवाला हाका मारीत नाहीत. उंबऱ्याशी उभे राहून वाटेकडे पाहावे, तसा तो सूर आहे.