विश्लेषण : ६० होमरन मारूनही कॅल रॅली ‘सर्वात मौल्यवान’ का ठरला नाही?

अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलमध्ये २०२५च्या हंगामासाठी ‘अमेरिकन लीग’चा सर्वात मौल्यवान खेळाडू (एमव्हीपी) म्हणून न्यूयॉर्क यँकीजच्या ॲरन जजची निवड झाली. सिअॅटल मरिनर्सचा कॅल रॅली अवघ्या २० गुणांनी मागे राहिला आणि जुना वाद पुन्हा पेटला.

मतदान कसे होते?
बेसबॉल लेखक संघटनेचे ३० सदस्य प्लेऑफपूर्वीच मत देतात. पहिल्या पसंतीला १४, तर दुसऱ्या पसंतीला ९ गुण असतात. जजला १७ आणि रॅलीला १३ जणांनी पहिली पसंती दिली, उरलेल्यांनी दुसरी. गुण झाले ३५५ आणि ३३५. तिघांनी क्रम उलटा लावला असता, तर निकालच फिरला असता.

दोघांचे दावे काय?
रॅली कॅचर आहे. क्रिकेटमधील यष्टिरक्षकाप्रमाणे ही दमवणारी जागा. कॅचरचा हंगामातील होमरनचा आधीचा विक्रम ४८ होता. रॅलीने तो ६०वर नेला. मरिनर्सने २००१नंतर प्रथमच आपला विभाग जिंकला. जजचे होमरन ५३, पण ०.३३१ ही फलंदाजीची सरासरी दोन्ही लीगमध्ये सर्वोच्च. बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणातही तोच अव्वल.

वाद का मिटत नाही?
‘मौल्यवान’ची नेमकी व्याख्या मतदारांना दिलेलीच नाही. सर्वोत्तम फलंदाज निवडायचा, की संघाला सर्वाधिक उपयोगी पडलेला खेळाडू, हे प्रत्येकाने आपापले ठरवायचे. त्यामुळे आकडे तेच राहूनही उत्तरे दोन निघतात.