रग्बीचा बाजार आणि शाळेचे पटांगण

जून २०२५ मध्ये मुंबईत अंधेरी येथे रग्बी प्रीमियर लीगचा पहिला हंगाम झाला. सहा संघ, त्यांतील नामांकित खेळाडू परदेशातून आणलेले. पुढील हंगामाकडे पाहताना अर्थशास्त्रीय प्रश्न उरतोच : मागणी दूरचित्रवाणी निर्माण करील, पुरवठ्याचे काय? सदैव आयातच करावयाची काय? २००७ साली लंडनमध्ये चौदा वर्षांखालील शालेय रग्बी स्पर्धा भुवनेश्वरच्या आदिवासी निवासी शाळेतील मुलांनी जिंकली, ती काही लिलावाच्या बळावर नव्हे. आपला वाशिम जिल्हा २०१८ पासून 'आकांक्षित' म्हणविला जातो (मागासलेपणालाही आपण किती गोंडस नावे देतो!). मानोरा, रिसोडच्या मुलांना चेंडू, पटांगण आणि जाणता क्रीडाशिक्षक कोण देणार? संघमालकांनी उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा ग्रामीण शाळांसाठी खर्च करावा, ही अट भारतीय रग्बी महासंघाने पुढील हंगामापूर्वीच घालावयास हवी.