तालमीतील वर्षे

कुस्तीच्या फडात एक मल्ल दुसऱ्यास क्षणार्धात चीत करतो, हलगी घुमू लागते आणि लोक फेटे उडवितात. मुलांनो, तो क्षण सर्वांना दिसतो. त्यामागील वर्षे मात्र कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. आणि माझ्या मते खरी कुस्ती त्या वर्षांतच होत असते.

कोल्हापूरच्या तालमींत गाव जागे होण्यापूर्वीच मेहनत सुरू होते. प्रथम हौदातील तांबडी माती फावड्याने उकरावयाची. तीत तेल, ताक, हळद आणि लिंबाचा रस मिसळलेला असतो, म्हणून ती मऊ राहते. मग जोर, मग बैठका आणि मग लढत. नवखा मुलगा महिनोन्महिने एकच डाव घोटीत राहतो. त्यास कंटाळा येतो, आणि तो येणारच. परंतु ढाक मारताना प्रतिस्पर्ध्याची मान केव्हा कवेत घ्यावी, आपली कंबर केव्हा वळवावी, याचा विचार करण्यास फडात सवड नसते. तेथे ते शरीरालाच ठाऊक असावे लागते. आणि शरीर फार सावकाश शिकते.

हल्ली काही तरुण सहा महिन्यांत पिळदार देह हवा म्हणून नाही नाही ती औषधे घेतात. दंड फुगतात खरे. पण त्यांनी डाव येत नाही, आणि हृदयास व यकृतास मात्र अपाय होतो. असल्या घाईला मी व्यायाम म्हणणार नाही.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव लहानपणापासून मातीत वाढले. १९४८ साली ते लंडनच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरले. तेथे माती नव्हती, गादी होती. नियमही निराळे होते. त्यांचा सहावा क्रमांक आला. मातीतील कुस्ती तेवढी आपली आणि गादी परकी, असे म्हणणारे अभिमानी लोक आजही भेटतात. त्यांचे मातीवरील प्रेम मला समजते. मत पटत नाही. खाशाबांनी गादीवर रुसवा धरला नाही. मातीत कमावलेले बळ त्यांनी नव्या नियमांत बसविले, वरच्या वजनगटात पाऊल टाकले आणि चार वर्षे मेहनत सोडली नाही. १९५२ साली हेलसिंकी येथे त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताला मिळालेले ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतरचे १९९६ साली, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी आले! मला त्या पदकाइतकीच लंडन आणि हेलसिंकी यांमधील चार वर्षे मोलाची वाटतात.

हेलसिंकीस जाण्यास खाशाबांपाशी पुरेसा पैसा नव्हता. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी आपले घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. पदक घेऊन खाशाबा परतले, तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आता त्यांनी विसावा घेतला असता, तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरविले, स्वतः लंगोट कसून पुन्हा मातीत उतरले, आणि त्या कुस्त्यांच्या कमाईतून गुरुजनांचे घर सोडवून दिले.