सोळाव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण चालवायचं काय? पॉवर कमी केलेली बाईक कायद्यात बसते का?

दहावीचा निकाल लागला की रेणापूर तालुक्यातल्या अनेक घरांत एकच विषय निघतो. लातूरला क्लास लावायचा, तर रोज जायचं कसं? अंतर वीसेक किलोमीटर. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, पण क्लासची वेळ आणि गाडीची वेळ जुळेलच असं नाही. मग घरातली स्कूटी किंवा मोठ्या भावाची बाईक मुलाच्या हातात येते. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतो.

अशा वेळी एक तोडगा हमखास सुचवला जातो. गाडीचा ॲक्सिलरेटर मेकॅनिककडून 'बांधून' घ्या, म्हणजे ती चाळीसच्या वर पळणार नाही आणि लायसन्सचाही प्रश्न मिटेल. काळजीपोटी सुचलेला हा उपाय परदेशात कायदेशीरही आहे. भारतात मात्र त्याने लायसन्सचा प्रश्न सुटत नाही. का, ते समजून घ्यायला हवं, कारण चूक झाली तर गुन्हा मुलासोबत आई-वडिलांच्या नावावरही लागतो.

कायदा काय मोजतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४ नुसार १८ वर्षांखालच्या कुणालाही सार्वजनिक रस्त्यावर वाहन चालवता येत नाही. अपवाद एकच आहे: इंजिन ५० सीसीपेक्षा मोठं नसेल, तर १६ पूर्ण झालेल्यांना मोटारसायकल चालवता येते. बिनागिअरच्या गाडीसाठी पालकांच्या संमतीने तसं लायसन्स मिळतं.

सीसी म्हणजे इंजिनच्या सिलिंडरचं आकारमान. पॉवर ही वेगळी गोष्ट आहे. ॲक्सिलरेटर अर्धाच उघडेल अशी सोय केली, हवा आत जाण्याच्या वाटेत चकती बसवली किंवा ईसीयूची सेटिंग बदलली, तर पॉवर कमी होते. सिलिंडर मात्र तेवढाच राहतो. साधारण ११० सीसीची ॲक्टिव्हा कितीही बांधून घेतली, तरी कायद्याच्या लेखी ती ११० सीसीचीच. एक्सएल १०० सारखी मोपेडसुद्धा या सवलतीत बसत नाही.

मग ५० सीसीत बसणारी गाडी कोणती? एकेकाळी याचं उत्तर सोपं होतं. कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये आणलेली लुना ५० सीसीची होती आणि पुढची बरीच वर्षं कॉलेजच्या पोरांपासून दूधवाल्यांपर्यंत सगळे ती चालवत होते. कायदा लिहिला गेला तेव्हा मोपेड हे रोजचं वाहन होतं. आज शोरूममध्ये जाऊन ५० सीसीची पेट्रोल गाडी मागून बघा. तरतूद पुस्तकात शिल्लक आहे, गाडी बाजारातून गेली. आणि सोळा वर्षांच्या मुलांचा प्रवास तर थांबलेला नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर चित्र एकदम उलटं होतं. भारतात दुचाकीच्या लायसन्सचे मुख्य प्रकार दोन: बिनागिअरची आणि गिअरची. गिअरचं लायसन्स हातात आलं की त्याच संध्याकाळी १०० सीसीची स्प्लेंडर चालवा किंवा १००० सीसीची सुपरबाईक, कायद्याला फरक पडत नाही. चाचणी कशावर दिली हेही कुणी विचारत नाही.

चाकणची बाईक, युरोपचा नियम

युरोपीय संघात १९ जानेवारी २०१३ पासून दुचाकीच्या लायसन्सच्या पायऱ्या आहेत. पहिल्या, म्हणजे 'ए-१' पायरीवर १२५ सीसी आणि ११ किलोवॅटपर्यंतची गाडी. किमान वय साधारण १६. दुसऱ्या 'ए-२' पायरीवर ३५ किलोवॅटपर्यंत, वय साधारण १८. दोन वर्षं ए-२ चालवली की विसाव्या वर्षी कुठलीही बाईक चालवता येते. मधली पायरी गाळून थेट मोठी बाईक हवी असेल, तर चोविसाव्या वर्षापर्यंत थांबायचं. देशागणिक वयात थोडा फरक आहे.

बाईक 'बांधून घेणं' तिथे अधिकृत आहे ते याच मधल्या पायरीसाठी. जास्त पॉवरची बाईक ३५ किलोवॅटवर आणून ए-२ वर चालवता येते. अट अशी, की मूळ पॉवर त्याच्या दुपटीहून, म्हणजे ७० किलोवॅटहून जास्त नको. हा नियम फार मोठी बाईक नुसती दाबून नवख्याच्या हाती देणं टाळण्यासाठी आहे. शिवाय वजनाच्या मानाने पॉवर किती, याचीही मर्यादा आहे.

या नियमाचा महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. केटीएमची १२५ ड्यूक २०११ पासून युरोपातल्या नवख्या चालकांसाठी तयार होत होती ती बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. पॉवर बरोबर ११ किलोवॅटच्या आत. भारतात मात्र जानेवारी २०१२ मध्ये केटीएम आली ती २०० ड्यूक घेऊन. सुमारे २५ बीएचपीची, म्हणजे त्या १२५ च्या दीडपटीहून जास्त ताकदीची. १२५ भारतीय ग्राहकाला मिळाली २०१८ च्या शेवटी. पुण्याजवळ बनलेली शिकाऊ बाईक समुद्रापार जात होती आणि इथल्या अठरा वर्षांच्या मुलासमोर थेट २०० उभी होती. यात कंपनीने कुठला नियम मोडला नाही. मोडायला नियमच नव्हता.

भारतात १२५ सीसीची रेघ आहे, पण ती ब्रेकसाठी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरच्या सर्व नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. मोठ्या इंजिनाला वेगळा ब्रेक लागतो हे सरकारने मान्य केलं. चालकही वेगळा लागतो, हे अजून मान्य व्हायचं आहे.

असा नियम आला तर गरिबाची अडचण होईल, हा आक्षेप नेहमी येतो. आकडे तसं सांगत नाहीत. स्प्लेंडरची पॉवर सुमारे ६ किलोवॅट, १२५ सीसीच्या शाईनची ८ च्या आसपास. पल्सर १५० सुद्धा ११ च्या खाली बसते. शेतावर, बाजारात, कामावर जाणाऱ्या बहुतेक गाड्या युरोपच्या पहिल्याच पायरीत मावतात. अडतील त्या जास्त पॉवरच्या. आरसीवर हॉर्सपॉवरचा रकाना असतो, त्यामुळे तपासणीही अशक्य नाही.

अर्थात पॉवर हा एकच धोका नाही. केंद्राच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ लोक गेले आणि त्यांतले ४४.५ टक्के दुचाकीवरचे होते. विनाहेल्मेट, ट्रिपल सीट निघालेली स्प्लेंडर जीव घ्यायला पुरेशी आहे.

इलेक्ट्रिकवाल्यांनी इथे थांबा

इलेक्ट्रिक मोटरला सीसी नसतं. तिथे नियम वेगळा आहे: मोटर २५० वॉटपेक्षा कमी आणि कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर ती गाडी 'मोटार वाहन'च धरली जात नाही. नंबर प्लेट नको, लायसन्स नको. क्लासला जाणाऱ्या मुलांसाठी पालक ही गाडी घेतात ते यामुळेच.

पण हा वेग बहुतेकदा कंट्रोलरमधल्या लॉकवर अवलंबून असतो आणि लॉक काढणारे भेटतात. मे २०२२ मध्ये राज्याच्या परिवहन आयुक्तांनी अशा बदल केलेल्या ई-बाईक शोधून कारवाई करण्याचे आदेश आरटीओंना दिले, ते याच कारणाने. लॉक निघालं की ती गाडी कायद्याने मोटार वाहन होते, तीही विनानोंदणी आणि विनाविमा. त्यावर बसलेला मुलगा विनालायसन्स ठरतो. समोरचा माणूस जखमी झाला, तर भरपाई द्यायला विमा कंपनी नसते, घर असतं.

त्यात २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९-अ लागू होऊ शकतं. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द, आणि मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. मुलाने आपल्याला न सांगता गाडी नेली, हे सिद्ध करणं पालकांच्या माथी. मुलाकडे त्या गाडीचं वैध लर्निंग किंवा पक्कं लायसन्स असेल तर हे कलम लागत नाही. ११० सीसीच्या स्कूटीसाठी सतरा वर्षांच्या मुलाला ते मिळूच शकत नाही.

तेव्हा ई-स्कूटर घेताना दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मॉडेलचं एआरएआय किंवा आयकॅटचं मान्यतापत्र मागा आणि त्यावरची पॉवर, वेग वाचा. 'हवं तर नंतर स्पीड वाढवून देतो' असं कुणी म्हणालं, तर त्याचा अर्थ वर आलाच आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालय कलम ४ बदलण्याच्या विचारात असल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या होत्या. सोळा वर्षांच्या मुलांना ५० सीसीसोबत १५०० वॉटपर्यंतची आणि ताशी २५ किलोमीटर वेगाची दुचाकी चालवू द्यावी, असा तो प्रस्ताव. म्हणजे पॉवर आणि वेग दोन्ही मोजण्याकडे पहिलं पाऊल. पण १५०० वॉटची मोटर सहज २५ च्या पुढे पळू शकते. तिला तिथे थांबवणार कंट्रोलरमधलं लॉकच, आणि २०२२ मध्ये आरटीओ ज्याच्या मागे लागले होते तेही हेच लॉक होतं.